कंपनीतले पहिले तीन महिने: सुपरवायझर तुमच्याकडून नेमकं काय धरून चालतो

छत्रपती संभाजीनगरकडच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कारखान्यांत बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडची पोरं सतत कामाला लागत असतात. कुणी आयटीआय केलेलं, कुणी डिप्लोमा, कुणी नुसती बारावी. नव्या माणसाच्या हाताला कसब नसतं हे कंपनीला माहीत असतं आणि ते शिकवायची तिची तयारीही असते. तरी पहिल्या तीन महिन्यांत जी पोरं गळतात, ती बहुतेक वेळा काम येत नाही म्हणून गळत नाहीत. न सांगता खाडा केला, समजलं नसताना ‘हो सर’ म्हटलं, बिघडलेला नग चांगल्या नगांत गेला आणि ते लपवलं, अशी ती कारणं असतात. सुपरवायझरला जे सकाळी कळायला हवं होतं ते दुपारी कळलं, दुसऱ्याकडून कळलं, किंवा ग्राहकाच्या तक्रारीतून कळलं. पुढे जे लिहिलं आहे त्याचा रोख याच गोष्टीवर आहे.

गेटवर जाण्याआधी

आधार, पॅन, बँकेचं पासबुक, शिक्षणाची प्रमाणपत्रं, फोटो, आणि आधी कुठे काम केलं असेल तर यूएएन, म्हणजे पीएफसाठीचा तुमचा कायमचा क्रमांक, एवढं घेऊन जा. यूएएन बारा अंकी असतो आणि आयुष्यभर एकच राहतो. नव्या कंपनीत ‘माझा पीएफ नव्हता’ असं सांगून दुसरा नंबर काढू नका. नंतर दोन्हीकडचे पैसे एकत्र करताना नाकीनऊ येतात.

कागद नुसते असून भागत नाही, त्यांच्यावरचं नाव जुळावं लागतं. शाळेच्या दाखल्यावर ज्ञानेश्वर, आधारवर ज्ञानोबा, बँकेत वडिलांचं नाव गाळलेलं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. कामाला लागताना ते कुणी अडवेलच असं नाही, पण पुढे पीएफ काढायचा अर्ज नेमका यावरच परत येतो. आधार, पॅन आणि बँक या तिन्हींतलं नाव व जन्मतारीख कामाला लागण्याआधीच एकसारखी करून घ्या.

मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, झेरॉक्स द्यायच्या आणि मूळ कागद घरी परत न्यायचे. ‘ओरिजिनल आमच्याकडे राहू द्या’ किंवा ‘कामाला लावायचे इतके पैसे’ असं कुणी म्हटलं तर तिथून निघा. चांगली कंपनी या दोन्ही गोष्टी मागत नाही.

नियुक्तीपत्र नीट वाचा. त्यावर मालक म्हणून कुणाचं नाव आहे, कंपनीचं की कंत्राटदाराचं? याचा संबंध रोजच्या कामाशी आहे. कंत्राटदाराकडून लागला असाल तर तुमची हजेरी आणि पगार त्याच्याकडून निघतो आणि काम मात्र कंपनीचा लाईन लीडर सांगतो. म्हणून रजा दोघांनाही कळवावी लागते. लीडरला सांगितलं, कंत्राटदाराच्या माणसाला सांगायचं राहिलं आणि महिन्याअखेर पगारात दिवस कापला गेला, ही नव्या पोरांची नेहमीची अडचण आहे. दोघांचे फोन नंबर पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा.

खोली घेताना भाडं बघता तसंच बसचा थांबा किती लांब आहे आणि पाणी कसं येतं तेही बघा. बजाजनगर, रांजणगाव, वडगाव कोल्हाटी, शेंद्र्याकडे कुंभेफळ, करमाड, कुठेही राहिलात तरी पाण्याच्या दिवशी घोळ होतो. पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता येतं, तेव्हा आपली कोणती पाळी असते आणि भरायला खोलीवर कोण असेल, हे सोबत राहणाऱ्यांशी आधी ठरवून घ्या. ‘पाणी भरत होतो’ हे खरं कारण असलं तरी लाईनवर त्याने काही बदलत नाही.

वेळ म्हणजे मिनिटांचा हिशोब

शेतातल्या कामाला तास अर्धा तास मागेपुढे झाला तर संध्याकाळी भरून काढता येतो. लाईनवर तसं नसतं. समजा एका लाईनवर दहा जागा आहेत आणि दर मिनिटाला एक नग बाहेर पडतो. चौथ्या जागेवरचा माणूस पंधरा मिनिटं उशिरा आला तर पंधरा नग कमी होतात, आणि बाकीचे नऊ जण तेवढा वेळ थांबतात किंवा लीडर स्वतः तिथे उभा राहतो. मग लीडरचं काम, म्हणजे माल आला का, पहिला नग तपासला का, ते मागे पडतं. उशिरावर सुपरवायझर एवढा का चिडतो ते यावरून कळेल.

पाळी सुरू व्हायच्या पंधरा मिनिटं आधी आत असावं. पंचिंग, लॉकर, सेफ्टी शूज यांत पाच-सात मिनिटं जातात. उरलेली चार्ज घेण्यासाठी ठेवायची, आणि नवा माणूस नेमका हाच भाग टाळतो. जाणाऱ्या पाळीचा ऑपरेटर घाईत असतो, बस सुटणार असते. तरी त्याला एवढं विचाराच: किती नग झाले, टूल केव्हा बदललं, मशीनला कसला अलार्म किंवा वेगळा आवाज येतोय का, क्वालिटीवाल्यांनी काही सांगितलंय का, माल किती वेळ पुरेल. जमलं तर खिशातल्या छोट्या वहीत लिहून घ्या. मागच्या पाळीतला दोष तुमच्या नावावर लागतो तो बहुधा चार्ज न घेतल्यामुळेच.

बस चुकली, गाडी पंक्चर झाली, तर तिथूनच फोन करा. पोहोचल्यावर सांगण्याचा उपयोग नाही. लीडरला पाळीच्या वीस मिनिटं आधी कळलं तर तो जाणाऱ्या पाळीतल्या कुणाला तरी थांबवू शकतो. पाळी सुरू झाल्यावर त्याच्या हातात काही राहत नाही.

खाडा आणि रजा

मराठवाड्यातल्या कारखान्यांत कोणत्या आठवड्यात माणसं कमी पडणार हे जुन्या सुपरवायझरला तोंडपाठ असतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराची सोयाबीन काढणी, मग कापूस वेचणी, उन्हाळ्यातली लग्नसराई, पोळा, आषाढी, नाथषष्ठी, लातूर-धाराशिवकडच्यांची वेळ अमावस्या, गावची जत्रा. कंपनी या गोष्टींच्या विरोधात नसते. तिला फक्त आधी माहीत हवं असतं, कारण एकाच लाईनवरचे चार जण एकाच दिवशी वेळ अमावस्येला शेतात गेले तर लाईन बंद पडते.

म्हणून ठरलेल्या कामाची रजा किमान पंधरा दिवस आधी टाका, तीही लेखी किंवा कंपनीच्या अ‍ॅपवर. टाकण्याआधी आपल्या जागेचं काम येणाऱ्या दुसऱ्या माणसाशी बोला. ‘मी अमावस्येला जातो, तू पोळ्याला जा’ असं ठरवून दोघं मिळून लीडरकडे गेलात तर रजा मंजूर व्हायची शक्यता खूप वाढते. आणि मंजूर झाली का ते विचारा. अर्ज टाकला म्हणजे रजा मिळाली, हा समज अनेकांना महागात पडला आहे.

अचानक अडलं तर पाळी सुरू व्हायच्या किमान दोन तास आधी फोन करा. फोन लागला नाही तर मेसेज टाका, आणि फोन झाला तरी एक मेसेज टाकाच, म्हणजे नोंद राहते. मेसेज असा असावा: ‘सर, मी पहिल्या पाळीचा, लाईन दोन, ड्रिलिंगचा. वडिलांना दवाखान्यात ॲडमिट केलंय. आज आणि उद्या येऊ शकत नाही. परवा पहिल्या पाळीला येतो. बदल झाला तर उद्या संध्याकाळी कळवतो.’ कोण, का, किती दिवस, केव्हा परत, हे सगळं त्यात आलं. ‘सर आज येणार नाही’ एवढ्याच मेसेजवर सुपरवायझरला पुढच्या दिवसाचं काहीच ठरवता येत नाही.

कारण खरं सांगा. शेतात सोयाबीन भिजतंय हे सांगायला पोरं लाजतात आणि नातेवाईक वारल्याचं सांगतात. सुपरवायझर स्वतः बऱ्याचदा गावाकडचाच असतो, पाऊस आला तर गंजीचं काय होतं हे त्याला कळतं. पण एकदा खोटं उघडं पडलं की पुढे खरोखर कुणी आजारी असतानाही तुमच्यावर विश्वास बसत नाही.

पगारी रजेचा साधारण हिशोब वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस असा असतो, पण त्यासाठी वर्षात ठरावीक दिवस भरावे लागतात. तो आकडा एच.आर.मध्ये विचारून घ्या. आजारपणात ईएसआयचा, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेचा, आधार आहे. ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे त्यांच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर ईएसआयच्या डॉक्टरच्या दाखल्यावर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. खाडे फार झाले की हे ७८ दिवस भरत नाहीत आणि गरजेच्या वेळीच हक्क जातो. ईएसआयच्या पोर्टलवर आई-वडील, बायको, मुलांची नावं चढवली आहेत का, तेही पहिल्या महिन्यातच बघून घ्या.

नग बिघडला तर

पाळी सुरू झाली किंवा टूल बदललं की पहिला नग तपासून घ्यायचा आणि तो मंजूर झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा नियम जवळपास सगळीकडे आहे. ‘इन्स्पेक्टर येईपर्यंत वीस काढून ठेवतो’ म्हणून घाई केली आणि सेटिंग चुकलेलं निघालं तर वीसही नग वाया जातात.

मोजण्याआधी मापाचं साधन तपासा. व्हर्नियरचे जबडे पुसून बंद करा; दोन्ही शून्य जुळतात का बघा. बहुतेक व्हर्नियर ०.०२ मिमीपर्यंत आणि मायक्रोमीटर ०.०१ मिमीपर्यंत मोजतं. नगावर बर, म्हणजे कापताना कडेला राहिलेला धातूचा खरखरीत काठ, असेल तर माप जास्त येतं, आणि मशीनमधून नुकताच निघालेला गरम नगही थंड नगापेक्षा जास्त भरतो. ड्रॉइंगवर २५ ± ०.०५ असेल तर २४.९५ ते २५.०५ चालतं. पण सगळे नग हद्दीत आहेत म्हणून गप्प बसायचं नसतं. समजा लेथवर नगाचा बाहेरचा व्यास कापताना (टर्न करताना) दर तासाला माप घेताय आणि आकडे असे येतायत: २५.००, २५.०१, २५.०२, २५.०३. एकही नग नापास नाही, पण माप एकाच दिशेने सरकतंय, म्हणजे टूल झिजतंय. २५.०३ लाच लीडरला सांगणारा ऑपरेटर कंपनीला हवा असतो. तो थांबला आणि पुढच्या मोजणीत २५.०६ निघालं तर मागच्या मोजणीपासूनचे सगळे नग संशयित ठरतात. तासाला साठ नग निघत असतील तर ते साठही एकेक करून मोजावे लागतात.

रीडिंग त्या त्या वेळी लिहा. शेवटच्या अर्ध्या तासात बसून आठ तासांचे आकडे भरले की ते ओळखू येतात: सगळे सारखे, एकाच हाताच्या ओघात, मधल्या टूल बदलाचा कुठे पत्ता नाही. ऑडिटच्या वेळी असा कागद सापडला तर त्याचा जाब सुपरवायझरला द्यावा लागतो, आणि तो तुम्हाला विसरत नाही.

नग बिघडलाच तर तो लाल पेटीत जाईल, त्यावर खूण होईल आणि त्याची नोंद होईल. खिशात, भंगारात, मशीनच्या मागे किंवा चांगल्या नगांत तो जाता कामा नये. ब्रेकचा किंवा स्टिअरिंगचा भाग असेल तर तो नग कुणाच्या तरी गाडीत बसणार आहे. शिवाय एक संशयित नग चांगल्यांत मिसळला की ग्राहकाकडे पोचलेला पूर्ण लॉट निवडायला माणसं पाठवावी लागतात आणि त्याचा खर्च त्या एका नगाच्या किमतीशी तुलनाच होणार नाही एवढा असतो. स्वतःहून सांगितलेल्या पाच खराब नगांवर ओरडा बसेल; तो त्या दिवसापुरता असतो.

लातूरच्या तेल गिरणीत किंवा जालन्याच्या बियाणे कंपनीत लागलात तर व्हर्नियरऐवजी हातात ओलावा मोजायचं यंत्र आणि वजनकाटा असेल. तिथेही हेच लागू: आला तोच आकडा लिहायचा. सोयाबीनचा ओलावा साडेतेरा दाखवतोय आणि ओळखीच्या गाडीला बारा लिहिलं, तर गोदामात ढीग तापतो तेव्हा पावतीवरची सही तुमची असते.

सुरक्षितता

मालकाची इथली अपेक्षा सगळ्यात सरळ आहे, तुम्ही घरी धड जावं. पहिल्याच दिवशी बाहेर पडायची वाट, आग विझवायचं सिलिंडर, आणीबाणीचं लाल बटण आणि जमायची जागा स्वतः चालत जाऊन बघा.

मशीनप्रमाणे नियम बदलतात. पत्रा हाताळताना हातमोजे हवेतच. ड्रिल किंवा लेथवर फिरत्या भागाजवळ ते घालायचे नाहीत, कारण मोज्याचा धागा गुंतला की हात आत ओढला जातो. याच कारणाने मनगटातला दोरा, कडं, अंगठी काढून ठेवायची. गळ्यात तुळशीची माळ असेल आणि ती काढायची नसेल तर लीडरला आधी सांगा. बंद गळ्याच्या कपड्याआड ती चालेल की फिरत्या भागापासून दूरची जागा घ्यावी लागेल, हे तो ठरवेल. न सांगता आत खोचून उभं राहणं धोक्याचं.

प्रेसला दोन बटणं असतात आणि ती दोन्ही हातांनी एकदम दाबावी लागतात. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे डायमध्ये, म्हणजे साच्यात, एकही हात नसतो, यासाठीच ती योजना आहे. काम लवकर व्हावं म्हणून एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं किंवा सेन्सर झाकलेला दिसला तर त्या मशीनवर उभे राहू नका, कुणीही सांगितलं तरी. बोटं जातात ती इथेच.

मशीन साफ करताना नुसतं थांबवणं पुरत नाही. मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली तुमच्या खिशात, वर पाटी. आणि हवेचा किंवा तेलाचा दाब असेल तर तोही सोडायचा, कारण वीज गेली तरी दाब सिलिंडर हलवू शकतो. हवेच्या नळीने अंगावरचे कपडे झटकू नका, बारीक कीस डोळ्यात जातो. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये असाल तर सुतीच कपडे घाला. टेरिलीन, पॉलिस्टर तापून कातडीला चिकटतं. मे महिन्यात तहान लागायची वाट न बघता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्या, आणि चक्कर येतेय असं वाटताच बाजूला होऊन सांगा.

सांगायचं कसं

‘सर, मशीनला प्रॉब्लेम आहे’ एवढ्यावर सुपरवायझरला धावत यावं लागतं आणि आल्यावर सगळं नव्याने विचारावं लागतं. त्याऐवजी काय, कुठे, केव्हापासून, किती आणि मी काय केलं, या क्रमाने बोला: ‘सर, तीन नंबरच्या ड्रिलवर भोक मोठं येतंय. साडेदहानंतरचे चार नग तसे आहेत. मशीन थांबवलंय, चारही लाल पेटीत ठेवलेत, टूल बदललेलं नाही.’ एवढं ऐकल्यावर त्याला जागेवरच निर्णय घेता येतो.

समजलं नसेल तर लगेच विचारा, आणि समजलं असेल तरी आपल्या शब्दांत परत सांगून बघा: ‘म्हणजे आधी हा बोल्ट, मग वॉशर, आणि टॉर्क शेवटी, बरोबर ना?’ मान हलवून जागेवर जाणं आणि मग शेजारच्याला विचारणं, यात शेजारचाही चुकलेलं शिकवतो. पहिल्या महिन्यात पुन्हा पुन्हा विचारल्याचा कुणाला राग येत नाही. सहाव्या महिन्यात तेच विचारलं तर येतो. टॉर्क, फिक्स्चर, बर, रीवर्क, ऑफसेट असे शब्द रोज पाच लिहून काढा. महिनाभरात लाईनवरची भाषा कळायला लागेल.

मोबाईल लॉकरमध्ये ठेवा. घरच्यांना कंपनीच्या गेटचा किंवा लीडरचा नंबर देऊन ठेवला की अडीनडीला निरोप पोहोचतो. जागेची साफसफाई, हत्यार जागच्या जागी ठेवणं याला कंपनीत फाइव्ह एस म्हणतात. पाळी संपायच्या आधी दहा मिनिटं त्यासाठी काढा.

पुढची जागा कशी मिळते

लाईनजवळच्या फळ्यावर स्किल मॅट्रिक्सचा तक्ता लावलेला असतो. प्रत्येक नावासमोर, प्रत्येक कामाखाली एक गोल, चार भागांत विभागलेला. साधारणपणे एक भाग भरला म्हणजे ओळख झाली, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे एकटा करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. आपल्या जागेचे तीन भाग भरले की शेजारच्या जागेचं काम शिकायची इच्छा लीडरला स्वतःहून सांगा. तीन-चार जागांचं काम येणारा माणूस रजेच्या दिवसांत लाईन चालू ठेवतो, म्हणून कायम करताना त्याचं नाव आधी निघतं.

मालकाने काय द्यायचं

सेफ्टी शूज, गॉगल यांचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत. ओव्हरटाईमचा दर नेहमीच्या दुप्पट असतो. ‘थोडं थांब, सगळेच थांबतात’ म्हणून रोज तासभर फुकट करून घेणं याला अपेक्षा म्हणत नाहीत. दरमहा पगाराची स्लिप मागा. मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर १२ टक्के तुमचा पीएफ कापला जातो आणि तेवढाच मालक भरतो. त्या महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरले जायला हवेत. स्लिपवर कापलेले आणि पासबुकात दिसत नसलेले पैसे तीन महिने वाट न बघता लगेच विचारा, तेही लेखी. ॲप्रेंटिस म्हणून लागला असाल तर पगाराऐवजी स्टायपेंड असतो आणि पीएफ, ईएसआय लागू नसतं, हे आधीच लक्षात घ्या.

नोकरी सोडायची झाली तर गायब होऊ नका. दिवाळीला गावी जाऊन फोन बंद करणारी पोरं स्वतःचंच नुकसान करतात. नियुक्तीपत्रातल्या मुदतीप्रमाणे लेखी नोटीस द्या, आयकार्ड, लॉकरची किल्ली आणि मापाची साधनं परत करून सही घ्या. राहिलेला पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि अनुभवाचा दाखला मागा. महिना-दोन महिन्यांनी यूएएनच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख चढली आहे का ते बघा. ती नसेल तर जुन्या कंपनीचा पीएफ काढायला किंवा नव्या खात्यात न्यायला अडतो.